पगाराआधी कळवा

संपादक महोदय,

कराडच्या बाजारपेठेतल्या पाच दुकानांचे पगार मी लिहिते. त्यातले साड्यांचे दुकान सर्वांत मोठे, चौदा माणसांचे. या कामाला आता अठरा वर्षे झाली.

२०२३ च्या सप्टेंबरात साड्यांच्या काउंटरवरची एक जण पगाराचा कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘‘ताई, माझ्या जावेचा पीटी एप्रिलपासून कापत नाहीत. मग माझा का?’’ रात्री घरी बसून शोधले तर तिचेच खरे निघाले. बायकांना पीटीची, म्हणजे व्यवसाय कराची, सूट आधी महिना १०,००० रुपये पगारापर्यंत होती. १ एप्रिलपासून ती २५,००० झाली होती. अर्थसंकल्पात घोषणा झाली ती ९ मार्चला, आणि तेव्हा मी मार्चअखेरच्या हिशेबात गळ्यापर्यंत बुडालेली. चार बायकांचे दरमहा दोनशे मी कापत राहिले. बारा हजारांच्या पगारात दोनशे म्हणजे घरातले आठवड्याचे दूध. चूक माझी होती आणि तिची मला आजही लाज वाटते.

मालकांनी तिघींचे हजार-हजार रुपये लगेच परत दिले. चौथी जूनअखेर काम सोडून गेली होती. तिचे सहाशे घेऊन मी मलकापुरात तिच्या घरी गेले. पैसे हातात घेऊन तिने एवढेच विचारले, ‘‘तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं का?’’

नव्हते सांगितले. आणि त्यानंतरही कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये कामगार कल्याण निधीची सहामाही वर्गणी कामगाराची २५ आणि मालकाची ७५ रुपये झाली, ते मला दुसऱ्या एका हिशेबनिसाकडून कळले. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तो मीच आठवणीने शोधते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता आल्या, २९ जुने कायदे त्यात गेले. पगाराची व्याख्याच बदलली, म्हणजे मूळ पगार आणि भत्ते यांची मांडणी नव्याने तपासणे आले.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र दुकाने आणि आस्थापना कायद्यातल्या ऑक्टोबर २०२५ च्या बदलाने झाला. रोजचे काम नऊवरून दहा तास, एवढीच बातमी बाजारभर फिरली. एका मालकांनी दुसऱ्याच दिवशी दुकान तासभर उशिरा बंद करायचे ठरवले. हा बदल वीस किंवा जास्त कामगारांच्या दुकानांसाठी आहे, तिथेही आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात, हे त्यांना मी समजावले तेव्हा पटले. जिथे समजावणारे कुणी नाही तिथे काय झाले असेल? मालक अर्धी बातमी ऐकतो, कामगारही तीच ऐकतो आणि गप्प बसतो.

शासनाला हे पोहोचवता येत नाही, असे मी मानत नाही. २०२२ मध्ये मराठी पाट्यांचा नियम लहानातल्या लहान दुकानालाही लागू झाला आणि तो सगळ्यांना कळला. दुकानाच्या ऑनलाइन नोंदणीत मालकाचा मोबाइल नंबर आणि ई-मेल घेतलेलाच असतो. प्रत्येक बदलाचे साध्या मराठीतले एक पान त्यावर पाठवावे: काय बदलले, कोणत्या तारखेपासून, किती माणसांच्या दुकानाला. खाते कामगारांचे असो वा कराचे, पान एकाच ठिकाणाहून यावे. आणि मस्टर ठेवतात तिथे कामगारांना वाचता येईल असे ते लावणे सक्तीचे करावे. माझी चूक मला कामगारानेच दाखवली होती, तीही जावेमुळे.

हे पान बदल लागू होण्याच्या निदान एक पगार आधी तरी हाती पडावे. कापलेले पैसे परत द्यायची वेळ येते तेव्हा ते माणूस दुकानात असतेच असे नाही.

— एक पगार लिहिणारी, कराड
(नाव छापू नये, ही विनंती.)