हर्णैचे सुतारकाका, माडाला झोप लागली

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल, म्हणून जरा मोठ्याने ऐकू जाईल असंच लिहितोय. इतरांनीही वाचलं तर बरंच. पाय लांब आणि गाडी आखूड ही अडचण काही माझ्या एकट्याची नाही.

मी तोच, फेब्रुवारीत भल्या सकाळी तुमच्या शेडपुढे गाडीतून उतरून एक पाय झटकत उभा राहिलेला. पोटरीत पेटका आलेला आणि कमरेवर सीटबेल्टच्या बकलाचा शिक्का. तुम्ही होडीच्या फळीवर रंधा मारत होतात. मान वर करून म्हणालात, "काय ओ, माड गाडीत घालून आणलात?" तेव्हापासून घरीदारी माझं नाव माडच पडलंय.

मी आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला आलो होतो. पिल्लं दर्यात सोडतात ती सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, त्यामुळे मुक्काम जवळच हवा. खोल्या सगळ्या भरलेल्या. आणि खोली मिळाली तरी काय? मी सहा फूट दोन इंच, म्हणजे 188 सेंटिमीटर. आमच्या घरच्या पलंगाचीसुद्धा पायथ्याची पाटी काढून ठेवलीय. म्हणून मागची सीट पाडून गाडीतच झोपायचा घाट घातला, आणि त्या रात्री पिल्लांपेक्षा जास्त वेळा कूस बदलली.

गाडी आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या एसयूव्हींसारखी, लांबी 3995 मिलीमीटर. 2006 सालापासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी लागतो, म्हणून कंपन्या चार मीटरला पाच मिलीमीटर कमी असताना हात आखडता घेतात. त्यातून बोनेट आणि पुढच्या सीट वजा केल्या की मागे उरतं ते एखाद्या शाळकरी पोराचं अंथरूण. मी हवेची गादी आणली होती. ती पहाटे तीनपर्यंत निम्मी बसली, आणि तोवरही प्रत्येक हालचालीला पापड मोडल्यासारखी वाजत होती.

तुमच्याआधी गॅरेजवाला, मेव्हणा, सोसायटीतला एक हौशी, सगळ्यांनी गाडीत टेप घालून बघितली आणि "नाही बसायचं" म्हणून सांगितलं. तुम्ही गाडीकडे नीट बघितलंदेखील नाहीत. विचारलंत, "झोपता कसे? उताणे की कुशीवर?" हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग शेडच्या कोब्यावर मला डाव्या कुशीवर आडवं केलंत, गुडघे हवे तसे दुमडू दिलेत आणि डोक्याशी नि टाचेशी खडूने रेघ मारलीत. टेप लावली तर 168. म्हणालात, होडीत झोपणारा माणूस कधी सरळ सोट झोपत नाही, जागा असेल तसा घडी होतो. तुम्ही फळी कापताय ती माझ्या घडीच्या मापाने, हे मला तेव्हा कुठे कळलं.

त्यानंतरचं काम मी चहा पीत बघत बसलो. डिकीपासून पाडलेल्या सीटच्या टोकापर्यंत 142 सेंटिमीटर. पुढची सीट पार पुढे सरकवली, पाठ ताठ केली, की मध्ये 43 सेंटिमीटरचा खड्डा. त्यावर तुम्ही बिजागरीची उलटणारी फळी दिलीत आणि तिला एक पाय दिलात, जो मागच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत उभा राहतो. झाले 185. मी उताणा झोपलो तरी तीन कमीच. तेव्हा तुम्ही सुतळी घेऊन कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणलीत आणि नुसते हसलात. अंग अर्धा मीटर तिरकं घातलं तर सहा-साडेसहा सेंटिमीटर वाढतात. दहावीला पायथागोरस घोकला होता, पण तो झोपायला उपयोगी पडेल असं गुरुजींनी कधी सांगितलं नव्हतं. आता कुशीवर असलो की सरळ, उताणा असलो की तिरका.

पाडलेली सीट डिकीच्या तळापेक्षा नऊ सेंटिमीटर उंच होती, कमरेत दुखायचं ते त्यानेच. तिथे खाली पट्ट्या लावून प्लाय समपातळीत आणलंत. पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत आता चपला, टॉर्च आणि छत्री बसते. गाडीला एकही भोक पाडलं नाहीत. "भोकात खारं पाणी जाईल, मग गंज तुमच्या आधी झोपेल तिथं," असं काहीतरी पुटपुटलात. बारा मिलीमीटरच्या मरीन प्लायच्या कडांना होडीचं उरलेलं रेझिन लावलंत, तेही करवंटीत हार्डनर कालवून, नारळाच्या काथ्याचा बोळा फिरवून. तो वास गाडीत आठवडाभर होता. बायकोने तक्रार केली. मला आवडायचा.

मी डोकं डिकीकडे करत होतो, ते तुम्ही उलटं करायला लावलंत. मागचं दार वर जाताना आत कलतं, तिथे पायाची बोटं मावतात, तोंड मावत नाही. शिवाय पुढे डोकं असलं की काच हाताशी येते. रात्री जमिनीकडून मतलई सुटतो, म्हणून जमिनीकडची एक काच बोटभर आणि समोरच्या कोपऱ्यातली दर्याकडची एक काच बोटभर उघडी, दोन्हीला मच्छरदाणीचं कापड. आतून काचा घामेजत होत्या त्या दुसऱ्या रात्रीपासून कोरड्या. कापसाच्या गादीलाही नाही म्हणालात, ती खारी हवा पिऊन जड होते. तीन इंची फोमची तीन घड्यांची गादी शिवून घेतली, ती बरी निघाली.

एक गोष्ट तुम्ही दोनदा बजावलीत, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. उकडतं म्हणून इंजिन चालू ठेवून, काचा लावून एसीत झोपायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे जाग येत नाही. ते सांगताना तुमच्या आवाजात गंमत नव्हती.

आणि गाडी कुठे लावायची ते. पुळणीवर नाही, सुरूंच्या मागे घट्ट जमिनीवर. उशाकडे किंचित चढ. माडाखाली तर मुळीच नाही, "एक माड दुसऱ्या माडाच्या डोक्यात नारळ घालील." खाडीच्या कडेला थांबायचं तर आधी तिथी बघायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ, अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हे मी वेळणेश्वरला करून बघितलं. पाणी गाडीपासून बरंच लांब थांबलं आणि मी उगाचच दोनदा उठून पाहिलं.

मजुरीचे आठशे घेतलेत, प्लायचे वेगळे, आणि मी जास्त द्यायला गेलो तर नोट परत खिशात कोंबलीत. हिशेब चोख होता. पण त्या खडूच्या दोन रेघांचे पैसे कुठे लावले होते ते मला अजून सापडलेलं नाही. त्यासाठी हे पत्र.

आतापर्यंत अकरा रात्री झोपलोय त्या फळीवर. दाभोळच्या फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला उतरून गुहागर, मग हेदवी. उठून बसता अजून येत नाही, डोकं छताला लागतं, पॅन्ट आडवं पडूनच चढवावी लागते. त्याला तुमच्याकडेही इलाज नाही, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. पेटका मात्र एकदाही आला नाही.

पाडव्यानंतर हर्णैला येतोय, संध्याकाळी माशांच्या लिलावाच्या सुमारास. फळीचा पाय तुम्ही लावलेल्या सायकलच्या ट्यूबमधून निसटून करकरायला लागलाय, तेवढी ट्यूब काढून ठेवा.

आपला,
माड