हरण्याचं खापर खेळाडूंवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलमधले संघ ड्राफ्टसाठी मुद्दाम हरतात का, हा रविवारचा लेख वाचला. (ड्राफ्ट म्हणजे मोसमानंतर नवे खेळाडू निवडण्याची पाळी. जो संघ सर्वात मागे, त्याचा नंबर साधारणपणे पहिला.) एक दिवस गप्प बसलो, पण राहवलं नाही. चांगला नवा खेळाडू मिळावा म्हणून सामना सोडून देण्याला आपल्या लेखकाने ‘दूरदृष्टी’ म्हटलंय. ही दूरदृष्टी आम्ही घरात बसून पाहिली आहे.

३ जानेवारी २०२१. आम्ही न्यू जर्सीत राहतो, संघ अर्थातच जायंट्स. दुपारी त्यांनी डॅलसला २३-१९ असं हरवलं. शेवटी शेवटी जायंट्सच्याच गॅलमनच्या हातून चेंडू निसटला, तेव्हा मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा सोफा सोडून टीव्हीला नाक लावून उभे होतो. आता रात्री फिलाडेल्फियाने वॉशिंग्टनला हरवलं की जायंट्स प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत. एरवी आमच्याकडे फिलाडेल्फियाच्या नावाने बोटं मोडतात. त्या रात्री पोरगं त्यांच्यासाठी देवापुढे हात जोडून आलं.

चौथं, शेवटचं क्वार्टर, वॉशिंग्टन १७-१४ ने पुढे, फक्त तीन गुणांचा फरक. आणि फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक डग पीडरसन यांनी पास टाकणाऱ्या जेलन हर्ट्सला बसवून त्याच्या जागी नेट सडफेल्डला उतरवलं. या गड्याने २०१८ नंतर सामन्यात एकही पास टाकला नव्हता! त्याचा पास वॉशिंग्टनने पकडला, मग चेंडूही हातातून सुटला. निकाल २०-१४. सात विजय आणि नऊ पराभव असलेलं वॉशिंग्टन गटात पहिलं, जायंट्स घरी. फिलाडेल्फियाला ड्राफ्टमध्ये सहावा नंबर मिळाला. जिंकले असते तर नववा. सडफेल्डला संधी द्यायची होती, असं पीडरसन म्हणाले.

“बाबा, हर्ट्सला लागलं का?”
“नाही रे.”
“मग काढला कशाला?”

मला उत्तर देता आलं नाही. तो रडत झोपला.

लेखात खेळाडू ढिले पडतात असं सुचवलंय, ते मुळीच मान्य नाही. ज्याचा करार संघ मध्येच मोडू शकतो आणि ज्याच्या जागेवर उद्या तोच नवा पोरगा येणार, तो कशाला हरेल? त्याच मोसमात सलग तेरा सामने हरलेल्या जेट्सनी रॅम्सना २३-२० ने हरवलं. पुढे ड्राफ्टमधला पहिला नंबर जेट्सच्या हातून निसटून जॅक्सनव्हिलकडे गेला, आणि त्या वर्षीचा सर्वात नावाजलेला नवा खेळाडू ट्रेव्हर लॉरेन्सही. खेळाडू असे असतात. जानेवारी २०२३ मध्ये ह्यूस्टनचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ यांनी शेवटच्या मिनिटात एका गुणाची सोपी किक मारून बरोबरी न साधता थेट दोन गुणांसाठी डाव टाकला, ३२-३१ ने जिंकले आणि पहिला नंबर गेला. त्याच रात्री त्यांची नोकरीही गेली. आणि दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनला मिळाला सी. जे. स्ट्राउड, जो पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. तेव्हा जिंकून त्यांचं नुकसान काय झालं, हे लेखकाने सांगावं. सामना सोडायचा निर्णय कुठे होत असेल तर तो वर, मालकाच्या काचेच्या खोलीत होतो. मैदानावर होत नाही.

आणखी एक. लेखासोबत गोल चेंडूला लाथ मारणाऱ्या खेळाडूचा फोटो छापला आहे. हा वेगळा खेळ आहे हो, इथला चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. गेल्या वर्षीही हेच झालं होतं, तेव्हाही मी कळवलं होतं. या वेळी तरी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला एक जुना वाचक,
एडिसन, न्यू जर्सी