शामारेलच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसच्या नैर्ऋत्येकडील ब्लॅक रिव्हर जिल्हा आपण आम्हां शिक्षकांना दाखवलात, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. खाजगी पत्रातूनही आभार मानता आले असते; परंतु तिकडे जाण्याचा बेत आखणाऱ्या मराठी माणसांनाही आपण आम्हांला काय दिलेत ते कळावे, म्हणून आपल्या परवानगीने ते सर्वांसमोर ठेवते.

आमच्या सहलपत्रकात आपल्या शामारेल गावची सप्तरंगी माती, धबधबा आणि लगेच परतीचा प्रवास एवढेच होते. आपण मात्र गाडी आधी ल मोर्नच्या पायथ्याशी नेलीत आणि हा डोंगर पाहिल्याशिवाय पुढचा मुलूख कळायचा नाही, असे सांगितलेत. समुद्रात घुसलेल्या ५५६ मीटर उंचीच्या त्या काळ्या कातळाच्या कपारींत मळ्यांवरून पळून आलेले गुलाम लपून राहत असत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला निघालेले शिपाई पाहून, ते आपल्याला धरून न्यायलाच येत आहेत असे वाटल्याने काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तिथली परंपरेने चालत आलेली कथा आपण आम्हांला अगदी सावकाश सांगितलीत. या डोंगराला २००८ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले, हे मी वाचलेले होते. पण आफ्रिकेतून आणि मादागास्करहून साखळदंडांत आणलेल्या माणसांचे वंशज आजही भोवतालच्या गावांत आपले शेजारी आहेत, हे तिथे उभे राहून ऐकताना त्या वाचनाला पहिल्यांदा माणसे दिसू लागली.

काका, माझी खरी कृतज्ञता इथे आहे. आपले पणजोबा रत्नागिरीकडून करारावर मजुरीला आलेले. गुलामगिरी उठणार म्हणून उसाच्या मळेवाल्यांनी १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर आणायला सुरुवात केली, त्या ओघातलेच तेही. आम्ही कोकणातून आलेले पाहुणे. तेव्हा आपण प्रथम आपल्याच घराण्याचे कष्ट सांगितले असते, तर ते स्वाभाविकच ठरले असते. आपण आधी शेजाऱ्यांच्या पूर्वजांची गोष्ट सांगितलीत आणि आपली मागाहून, तीही आम्ही विचारल्यावर. हा क्रम मी माझ्या वर्गात पाळणार आहे.

त्यानंतर पाहिलेली शामारेलची माती मला निव्वळ रंगांचा देखावा वाटली नाही. लाव्हारसापासून बनलेला बसाल्ट खडक उष्ण, दमट हवेत कुजून त्याची माती होते, पावसाचे पाणी त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेते, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहतात. लोहामुळे तांबडे-तपकिरी आणि ॲल्युमिनियममुळे निळे-जांभळे पट्टे उमटतात, हे आपण कुंपणाजवळ उभे राहून समजावलेत. आमच्या रत्नागिरीचा जांभा दगडही अशाच प्रक्रियेने घडला आहे. नाते याहूनही खोल आहे. हिंदी महासागराखालच्या ज्या तप्त स्थानातून (पृथ्वीच्या पोटातून लाव्हारस वर येत राहणारी जागा; तिच्यावरून भूकवच हळूहळू सरकत जाते) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हारसाचे थर उसळले आणि सह्याद्रीचे कडे घडले, त्याच स्थानावर पुष्कळ नंतर, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस जन्मले; आज ते स्थान शेजारच्या रेयुनियन बेटावरील ज्वालामुखीला धगधगते ठेवत आहे. हे मी फळ्यावर आकृती काढून अनेक वर्षे शिकवत आले, पण त्या खडकावर कोकणातल्या माणसाच्या पणतूशेजारी उभी राहून ते पाहण्याचे भाग्य आपल्यामुळे लाभले.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या कड्यावर आपण आम्हांला दाट धुके निवळेपर्यंत थांबवलेत, त्याचेही आभार. दरीपलीकडे ८२८ मीटरचे, देशातील सर्वांत उंच शिखर दिसले. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ साली रानात केवळ चारच उरला होता आणि कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा शेकड्यांत नेला, हे सांगताना आपला आवाज भरून आला होता. चिनी पेरू आपण आवडीने तोडून दिलेत आणि बाहेरून आलेले हेच झाड मूळच्या एबनीच्या, म्हणजे आबनुसाच्या, रानाला गुदमरवते, हेही तितक्याच प्रामाणिकपणे बोललात. मुलखावर प्रेम करणाऱ्या माणसाकडून त्याची दुखणीही ऐकायला मिळाली, याचे मोल मला फार वाटते.

संध्याकाळी काकूंनी वाढलेल्या गरम डालपुरीचे, आपल्या वस्तीतल्या मुलांनी केलेल्या झाकडी नाचाचे आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे सांगताना सर्वांच्या चेहऱ्यांवर आलेल्या आनंदाचे वर्णन मी घरी पुनःपुन्हा केले आहे.

आपण एकदा कोकणात यावे, ही आग्रहाची विनंती. पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदात आलात तर जांभ्याच्या सड्यांवर रानफुले असतात आणि घरोघरी गणपतीही. पणजोबांचे गाव शोधण्यासाठी आपल्याजवळील जुन्या नोंदींची प्रत मला पाठवावी. महसुली दप्तरांत जे सापडेल ते मी आपल्या येण्यापूर्वी गोळा करून ठेवीन. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
रत्नागिरीची एक भूगोल शिक्षिका