मिस्त्रींनी दाखवलेली सातवी पायरी

कोल्हापूर,
दि. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात मिळाले. दोन ओळी लिहिल्या की संगणक पाच मिनिटांत बंगल्याची चार दर्शनी चित्रे काढून देतो, मग आपल्यासारख्या आर्किटेक्टच्या छोट्या ऑफिसांनी पुढे करायचे काय, हा तुझा प्रश्न मनात घोळत राहिला. मला त्या चित्रांची फारशी धास्ती वाटत नाही. आपल्या व्यवसायातला खरा बदल चित्र तयार झाल्यानंतरच्या कामात होतो आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ते कशामुळे झाले ते सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी राजारामपुरीत एका घराचे काम चालू होते. वरच्या मजल्यावरच्या संडासाची पाइप मी जिथून खाली उतरवली होती, नेमका तिथेच आरसीसी डिझायनरने, म्हणजे काँक्रीट-सळयांचा हिशोब करणाऱ्या अभियंत्याने, बीम (काँक्रीटची आडवी तुळई) घेतला होता. माझा नकाशा माझ्या संगणकात, सळयांचे ड्रॉइंग त्याच्या संगणकात आणि प्लंबिंग तर प्लंबरच्या डोक्यात. तिन्ही एकमेकांवर ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. स्लॅब भरल्यानंतर एका सकाळी साइटवर गेलो, तेव्हा प्लंबरचा पोरगा छिन्नी-हातोडा घेऊन बीम फोडत होता आणि खालच्या दोन सळया उघड्या पडल्या होत्या. काम थांबवले, बीम दुरुस्त करून घेतला आणि खर्च मी सोसला. चूक माझीच होती, कारण तिघांना आधी एकत्र बसवणे हे माझे काम होते.

संगणकावर नकाशे काढायचे ऑटोकॅड १९८२ साली आले आणि पुढे आपणही ड्रॉइंग बोर्ड सोडून त्याकडे वळलो, तरी काढत राहिलो त्या रेघाच. आपण भिंत आहोत की पाइप, हे रेघेला कळत नाही. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगमध्ये, म्हणजे संगणकात अख्ख्या घराचे त्रिमितीय मॉडेल उभे करण्याच्या पद्धतीत, जिला सगळे नुसते ‘बिम’ म्हणतात, भिंत ही भिंत म्हणूनच साठवली जाते, तिची जाडी, उंची आणि माल यांसह; त्यामुळे पाइप बीममध्ये घुसली की खोदाईच्या आधीच पडद्यावर ती टक्कर दिसते. शिवाय अशी मॉडेले एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा आयएफसी हा खुला फाइल-प्रकार २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मानक झाला आहे, म्हणून प्रत्येकाने एकाच कंपनीचे महागडे सॉफ्टवेअर घेतले पाहिजे असे नाही. छोट्या ऑफिसांच्या दृष्टीने ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळच्या घराच्या वेळी मी ठेकेदार, डिझायनर, इलेक्ट्रिशियन आणि आमचे जुने मिस्त्री या सगळ्यांना साइटवर बोलावले आणि सिमेंटच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून मॉडेल फिरवून दाखवले. मिस्त्रींनी बराच वेळ निरखून पाहिले, मग जिन्याखालच्या मीटर बोर्डावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, हितं मीटर नको. एकोणीसला पाणी शेजारच्यांच्या सातव्या पायरीला लागलं हुतं, आन् एकवीसला त्याच्याबी वर.” राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ च्या त्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले, हे मला ठाऊक होते, पण त्या आकड्याचा या घराच्या जोत्याशी काय संबंध, हे त्या पायरीनेच सांगितले. आम्ही तिची उंची मोजून मॉडेलमध्ये घातली, मीटर बोर्ड आणि इन्व्हर्टर वर नेले आणि जोतेही वाढवले. नकाशाच्या कागदापुढे मिस्त्री आजवर कधी असे बोलले नव्हते. मॉडेलमध्ये त्यांना घर दिसले, म्हणून ते बोलले.

अडचणीही आहेत. मॉडेलमधली चूक कुणाची, हे आपल्या करारांत कुठेच लिहिलेले नसते, आणि फीचे हप्ते अजून बांधकामाच्या टप्प्यांवर ठरतात, जेव्हा आता निम्म्याहून अधिक कष्ट खोदाईच्या आधीच होतात. हे हप्ते आपण बदलून मागितले पाहिजेत.

जुन्या वास्तूंबद्दल तर मला फार तळमळीने लिहावेसे वाटते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, त्यानंतर शाहू महाराजांनी १९१५ साली उभी केलेली ती वास्तू पाहायला गेलो, तेव्हा उघड्या पडलेल्या भिंतींपुढे उभे राहवेना. पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या चर्चमध्ये एप्रिल २०१९ ला आग लागली, पण त्याआधी झालेले लेसर स्कॅन, म्हणजे लेसरने घेतलेली वास्तूची बारीक मापे, पुनर्बांधणीच्या कामी आले आणि गेल्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. आपल्या पेठांमधल्या वाड्यांचे असे स्कॅन ते शाबूत आहेत तोवरच करायला हवे, आणि ते एका ऑफिसाच्या आवाक्यातले काम नाही.

तेव्हा तुझ्या दवाखान्याच्या कामाची आयएफसी फाइल पाठव, इथल्या डिझायनरला दाखवतो. मार्चमध्ये दोन दिवस सवड काढून ये. मंगळवार पेठेतल्या एका वाड्याच्या मालकांशी बोलून ठेवले आहे, मापे आपण दोघे मिळून घेऊ. मिस्त्रीही येतो म्हणाले आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बोर्डावरचा जुना सोबती