आजीचा एक फोटो हवाय

एडिंबरा, ७ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. आजीलाही सांगा.

आजीला पत्र दोनदा वाचून घ्यायला आवडतं, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितेय. सोबत चार फोटो आहेत. नदीकाठच्या पुलाचा आजीला द्या, तिला त्यात आपला घाट दिसेल बहुतेक.

आई, मागच्या रविवारी तू विचारलंस, "तिकडे ऊन पडतच नाही का गं? सगळे फोटो संध्याकाळचे वाटतात." पडतं गं. पण डिसेंबरात दिवसच जेमतेम सात तासांचा. साडेआठनंतर उजाडतं, चारच्या आत मावळतं आणि भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या अकराएक अंशच वर येतो. आपल्याकडे या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास गणपतीच्या घाटावर असतो ना, तेवढाच. इथे तो दिवसभर तसाच कलून चालतो. ज्या कोवळ्या उन्हासाठी फोटोवाले पहाटे उठतात, ते मला जेवणाच्या सुट्टीत मिळतं. अर्थात ढग नसतील त्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून एकदा.

बाबा, दादाच्या लग्नातले ग्रुप फोटो आठवतात? मे महिना, साडेबाराचा मुहूर्त, लगेच अंगणात सगळी रांग उभी केलीत. सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि नाकाखाली मिश्या, आत्याला धरून. आपण मोबाइलला नावं ठेवली. मोबाइल बिचारा बरोबर होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य थेट डोक्यावर येतो, 'शून्य सावली दिवस' म्हणून पेपरात येतं तेच. भिवयांची सावली डोळ्यांत पडणार नाही तर काय? मंडपाच्या कडेला, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून उभं केलं असतं तर आत्या अजून बोलत असती आपल्याशी.

हे शहाणपण नवं आहे. गुरुवारी संध्याकाळी एका वाचनालयात फोटोग्राफीचा वर्ग असतो, तिथे जाते. जुना कॅमेरा घेतलाय, त्याला झूम नाही. जवळचं हवं तर आपणच जवळ जायचं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. घरातली एक वस्तू खिडकीशी ठेवा आणि तिच्याभोवती फिरून नुसतं बघा म्हणाल्या. मी आईने दिलेला पोळपाट ठेवला, नुकत्याच पोळ्या झालेला. खिडकीकडे पाठ करून पाहिला तर नुसती तपकिरी चकती. बाजूला सरकून, उजेड आडवा येईल असं पाहिलं, तर पिठाचा कण न् कण वेगळा, लाटण्याच्या फेऱ्यांच्या रेघा, आणि कडेला ती चीर, जी तू "काही होत नाही" म्हणून माझ्या बॅगेत कोंबलीस. पोळपाट तोच, उजेडही तोच. मी फक्त चार पावलं हलले होते.

इथे कॅल्टन हिल नावाची टेकडी आहे, माझ्या खोलीपासून वीस मिनिटांवर. तिच्या पायथ्याच्या एका घरात १८४३ पासून हिल आणि ॲडमसन असे दोघे फोटो काढायचे. एक चित्रकार, दुसरा रसायनं जाणणारा. तेव्हा विजेचे दिवे कुठले? भरपूर उजेडाशिवाय कागदावर काही उमटायचंच नाही. म्हणून खुर्च्या-टेबलं, पडदे अंगणात आणून दिवाणखान्याचा देखावा मांडायचे आणि माणसांना उन्हात बसवायचे. जवळच्या न्यूहेवनच्या मासेवाल्या बायकांचे त्यांनी काढलेले फोटो बघताना मला सारख्या आपल्या कोळणी आठवत होत्या. टोपल्या, पट्ट्यापट्ट्यांचे घागरे आणि तीच ऐट. ॲडमसन सव्विसाव्या वर्षीच गेला. चार-साडेचार वर्षांत हजारो फोटो करून गेला.

माझी फजिती पण सांगते. बर्फ पडला त्या दिवशी पन्नासेक फोटो काढले, आणि सगळ्यांत बर्फ मळक्या धोतरासारखा! कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर फार पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो सगळंच काळवंडून टाकतो. मग आपणच उजेड वाढवून द्यायचा. हे लक्षात ठेवा बाबा, पुढे लागणार आहे.

आई, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. आजीला ऐकवू नकोस.

माझ्याकडे आजीचा एकही धड फोटो नाही. फोन समोर धरला की ती आधार कार्डासारखी ताठ होते. मला तिचा एक फोटो हवाय. बाबांनी काढायचा.

स्वयंपाकघराची परसाकडची खिडकी उत्तरेला आहे, तिथून थेट ऊन येत नाही. सकाळी दहाच्या सुमारास आजीला तिथे पाटावर लसूण सोलायला बसवा. खिडकी तिच्या समोर नको आणि पाठीमागेही नको, एका बाजूला हवी. ट्यूब बंद करा, दोन रंगांचे उजेड चेहऱ्यावर भांडतात. फ्लॅश तर नकोच. दुसरा गाल फार काळा दिसला तर त्या बाजूला खुर्चीवर पांढरा पंचा टाका, त्यावरून उजेड परत फिरतो. मागे भिंतीवर काय आहे ते आधी बघा. मागच्या वेळी मिक्सरची वायर आईच्या कानातून निघाल्यासारखी दिसत होती.

फोनच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू केलीत की पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात. आजीचे डोळे वरच्या आडव्या रेघेवर येऊ द्या, आणि ती बघत असेल त्या बाजूला जागा सोडा. अगदी तोंडाशी जाऊ नका, नाक मोठं येतं. चार-पाच फुटांवर, तिच्या उंचीला, जमिनीवर बसा. गुडघे दुखतील, पण एवढं करा. मग तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. तिचं लुगडं पांढरं आहे, बर्फाचं सांगितलं ते याचसाठी.

आई, तू समोर बसून तिला १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचं विचार. पहाटे अंथरुणातून कशी पळाली ते सुरू झालं की समोर कोण आहे, काय आहे, तिला काही दिसत नाही. हात हलायला लागले की काढत सुटा. पाच-दहा नाही, चाळीस काढा.

आणि बाबा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जमलं नाही तर शेजारच्या पोराला विचारा, पण फोटो त्याला काढू देऊ नका.

तुमची लेक