नेपल्सला जेवायला थांबू नका, राहायला जा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण इटलीच्या सहलीवरचा लेख वाचला. नेपल्सच्या वाट्याला त्यात चार ओळी आल्या आहेत. शहर अस्वच्छ, पाकीटमार फार, मुक्काम करू नये. रोमहून सकाळी निघावे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई बघावे, पिझ्झा खावा आणि रात्री परत रोमला यावे. लेखकांनी आपल्या अनुभवावरूनच लिहिले असणार. पण हे वाचून सहली ठरवणाऱ्यांचे मोठे नुकसान होईल असे मला मनापासून वाटते. कारण नेमका असाच प्रवास आम्ही एकदा केला आहे आणि त्याची रुखरुख मला चार वर्षे लागून राहिली होती.

तेव्हा आम्ही दोघे एका प्रवास कंपनीबरोबर गेलो होतो. पॉम्पेईत दीड तास, मग जेवण, मग बसच्या खिडकीतून नेपल्सचा किल्ला. मी गाइडला विचारले, "इथल्या संग्रहालयात आपल्याकडची लक्ष्मीची मूर्ती आहे ना? तिकडे नेणार का?" त्यांनी ते ऐकलेच नव्हते. "मॅडम, ते आपल्या कार्यक्रमात नाही," एवढेच म्हणाले. त्यांना दोष देत नाही, कार्यक्रम त्यांनी आखलेला नव्हता. पण बस रोमच्या रस्त्याला लागली तेव्हा मला रडू आले.

त्याला कारण आहे. मी कोल्हापूरची. पाचवीत असताना शाळेने आम्हाला टाउन हॉलच्या संग्रहालयात नेले होते. तिथे ब्राँझची एक छोटीशी मूर्ती आहे, वीतभरसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, आणि हा सापडला कुठे, तर पंचगंगेच्या काठी आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. समुद्र म्हणजे काय हे तेव्हा आमच्यातल्या निम्म्या मुलींनी पाहिलेही नव्हते. पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले. वर्षानुवर्षे मुलांना तिथे नेले आणि दर वेळी सांगितले, 'त्यांचा देव इकडे आला, तशी आपली एक मूर्ती तिकडे गेली. पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, आता नेपल्सला आहे.' सांगत होते, पण स्वतः पाहिली नव्हती. म्हणून निवृत्तीनंतर, गेल्या ऑक्टोबरात, आम्ही आमचे आम्ही गेलो आणि नेपल्समध्ये पाच रात्री राहिलो.

संग्रहालयात तिच्यासमोर मी अर्धा तास उभी होते. हस्तिदंताची, वीतभर उंचीची. पाय एकमेकांत अडकवून उभी, कमरेला अरुंद मेखला, पायांत तोडे, हातांत कोपरापर्यंत कडी. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र लग्नाला निघाल्यासारखे. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातात प्रसाधनाच्या डब्या. डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा असे तज्ज्ञ म्हणतात. ती लक्ष्मी की यक्षी, यावरही वाद आहे. तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर आहे, त्यामुळे काहींना ती वायव्येकडची वाटते. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात आणि धाराशिवजवळच्या तेरला तिच्या अगदी बहिणी शोभतील अशा हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत, म्हणून अनेक अभ्यासक तिचे माहेर दख्खनमध्ये शोधतात. माझे मत विचाराल, तर तिचे तोडे बघा. असे थरावर थर घातलेले तोडे मी माझ्या आजीच्या पायांत पाहिले आहेत.

ती १९३८ मध्ये पॉम्पेईच्या मोठ्या रस्त्यावरच्या, व्हिया देल्लाब्बोन्दान्झावरच्या एका घरात सापडली. त्या घराला आता 'भारतीय मूर्तीचे घर' असेच नाव पडले आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा ती त्या घरात होती. म्हणजे सातवाहनांच्या काळात इकडून निघाली असणार. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, यांची नावे आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचला जाई. तिथून जहाजाने तांबड्या समुद्रात, मग वाळवंट ओलांडून नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया आणि तिथून नेपल्सच्या शेजारचे पुतेओली बंदर. आजचे पोत्सुओली ते हेच. ओस्तियाजवळ रोमचे स्वतःचे मोठे बंदर होईपर्यंत पूर्वेकडचा माल इथेच उतरायचा. हे सगळे मुलांना फळ्यावर रेघा ओढून शिकवले होते. त्या रेघेचे दुसरे टोक पायाखाली आले तेव्हा काय वाटले, ते मला लिहिता येणार नाही.

म्हणून पोत्सुओलीलाही जावे. नेपल्सहून मेट्रोच्या दोन क्रमांकाच्या गाडीने सहज जाता येते. तिथे जुन्या रोमन बाजारपेठेचे तीन उंच संगमरवरी खांब अजून उभे आहेत. नीट बघितले तर खांबांच्या मधल्या भागात एक पट्टा दिसतो, सगळा छिद्राछिद्रांचा. ती छिद्रे समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली आहेत. म्हणजे ही जमीन खांबांसकट समुद्रात खचली, शतकानुशतके पाण्यात राहिली आणि पुन्हा वर आली. खालच्या ज्वालामुखीमुळे ती आजही वरखाली होते. अलीकडे तिथे भूकंपाचे धक्के बरेच जाणवतात, मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा झाला. तेव्हा दिवसा जाऊन यावे, मुक्काम नेपल्समध्येच करावा.

आता मुक्कामाविषयी, कारण लेखात भीती त्याचीच घातली आहे. स्टेशनसमोरच्या पियात्सा गारिबाल्दी या चौकात गर्दी आणि गोंगाट आहे, तिथे बॅग सांभाळावीच लागते. आम्ही जुन्या गावात, स्पाकानापोली नावाच्या सरळसोट गल्लीजवळ राहिलो. ही गल्ली ग्रीकांनी आखलेल्या रस्त्यावरच आहे. 'नेआपोलिस' म्हणजे नवे गाव, आणि ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई दोरीला बांधलेली टोपली खाली सोडतात, दुकानदार त्यात पाव आणि भाजी ठेवतो, टोपली वर जाते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकीने मला वरूनच हात केला. २००८ च्या सुमारास इथे कचऱ्याचा मोठा प्रश्न झाला होता, त्याच्या बातम्या जगभर गेल्या आणि ते नाव शहराला चिकटले. भिंती आजही रंगवलेल्या, रंग उडालेले, पण आम्ही रात्री दहाला आरामात चालत घरी यायचो. पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्याला लावायची, फोन हातात नाचवायचा नाही. गल्लीबोळांतून स्कूटर येतात, त्यांच्याकडे कोल्हापूरच्या माणसाने लक्षही देऊ नये. रस्ते मात्र काळ्या फरशीचे आहेत आणि पावसात निसरडे होतात. ह्यांना गुडघ्याचा त्रास, म्हणून सांगते, रबरी तळाचे बूट हवेतच.

पॉम्पेईला चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल जाते, पाऊण तासाच्या आत. उतरायचे स्टेशन 'पॉम्पेई स्कावी', तिथून दार समोरच. गाडी खचाखच भरते आणि पाकीट मारले जाण्याची खरी जागा ही आहे. रोज वीस हजारच माणसे सोडतात आणि तिकिटावर नाव छापतात, तेव्हा तिकीट आधी काढावे, पासपोर्ट जवळ ठेवावा, मोठी बॅग नेऊ नये. सावली फारशी नाही. पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घेता येते. निदान चार तास द्यावेत. आणि 'शोपेरो' हा शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ संप. स्टेशनवर तो लिहिलेला दिसला की त्या दिवशी लांबचा बेत करू नये.

शाकाहारी मंडळींना दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत, कारण आम्हाला त्या कोणी सांगितल्या नव्हत्या. बेकरीतली ती पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला आणि मिरी घातलेले ताराल्ली वरून अगदी निर्दोष दिसतात, पण पारंपरिक कृतीत त्यात डुकराची चरबी असते. 'स्ट्रुत्तो' किंवा 'सुन्या' हे शब्द विचारून घ्यावेत. तळलेल्या पिझ्झातही बऱ्याचदा डुकराचे मांस असते. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते. मरिनारा पिझ्झा मात्र निर्धास्त खावा. त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज नाहीच. लसूण न खाणाऱ्यांनी तशी विनंती केली की ती मानतात. आणि कॉफी उभ्यानेच प्यावी, तिथली रीत आहे. एके सकाळी एका गृहस्थांनी एक कॉफी पिऊन दोनचे पैसे दिले. दुसरी 'सोस्पेझो', म्हणजे नंतर येणाऱ्या एखाद्या गरजवंताच्या नावाने. माझ्या ह्यांनी निघायच्या दिवशी तशीच एक भरली.

बंदरावर एक संध्याकाळ ठेवा. मेट्रोसाठी पियात्सा मुनिचिपिओ खणताना तिथे जुने बंदर आणि रोमन काळातल्या होड्या सापडल्या. आज त्याच्या पलीकडेच, मोलो बेवेरेल्लो या धक्क्यावरून, काप्री आणि प्रोचिदा या बेटांच्या बोटी सुटतात. काप्रीला सगळे जातात. आम्ही प्रोचिदाला गेलो, आणि मला ते लहान बेट, त्याची पिवळी-गुलाबी घरे आणि धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेले कोळी फार आवडले.

प्रवास कंपन्यांनाही आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. मराठी माणसांचे गट घेऊन जाता, तर कार्यक्रमात नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाचे निदान दोन तास घाला. मूर्ती 'गुप्त दालना'त, म्हणजे प्राचीन काळातल्या शृंगारिक वस्तूंच्या खोल्यांत ठेवलेली आहे, म्हणून बरेच गट संकोचाने तिकडे फिरकत नाहीत. गाइडने आधी दोन वाक्यांत समजावून सांगितले तर कोणाला अवघडणार नाही. माझ्यासोबत त्या खोलीत एक इटालियन शाळाही होती. त्यांच्या शिक्षिकेने मला विचारले, तुम्ही भारतातल्या का? मी हो म्हटले आणि फोनवरचा आमच्या टाउन हॉलमधल्या पोसायडनचा फोटो दाखवला. त्यांनी सगळ्या मुलांना जवळ बोलावले आणि फोन हातोहात फिरला.

शेवटची एक गोष्ट, ती कृपया ठळक छापावी. या खेपेला आम्ही संग्रहालयात पहिल्यांदा गेलो ते मंगळवारी, आणि दार बंद होते. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. शहरातले सान्सेव्हेरो चॅपेल, जिथे संगमरवरी ओढणीखालचा येशू आहे, तेही मंगळवारीच बंद असते आणि त्याचे तिकीट बरेच आधी काढावे लागते. मंगळवारी पॉम्पेईला जावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर