एका डोळ्याचे टक्के ३० की ४०?

महोदय,

बोगस दिव्यांग प्रमाणपत्रे शोधून काढलीच पाहिजेत. पण खऱ्या प्रमाणपत्रावरचे टक्के असतात तरी कशाचे? अवयवाचे. माणूस काय काम करत होता आणि आता ते जमते का, हे प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर बहुधा निघतच नाही. संजय गांधी निराधार योजनेचे दार मात्र त्याच आकड्यावर, ४० टक्क्यांना उघडते. २०२५ मध्ये दिव्यांगांचे दरमहा अनुदान दीड हजारावरून अडीच हजार रुपये झाल्यापासून एकेक टक्का महाग झाला आहे.

एक डोळा काढून टाकावा लागला, दुसरा ठणठणीत. दिव्यांगत्वाच्या तक्त्यात याचे ३० टक्के. म्हणजे दिव्यांग कार्ड पांढरे (४० च्या खालचे), अनुदान नाही. हाच डोळा कारखान्यात काम करताना गेला, तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचे परिशिष्ट कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली असे धरत असे (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली).

दोन व्यंगे असली की लोक बेरीज करून मोकळे होतात. मंडळ तशी करत नाही. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. पायाचे ३० आणि कानाचे १५ असतील तर ४५ नव्हे, बरोबर ४० भरतात. कानाचे १४ निघाले की गाडी ३९ वर अडकली! म्हणून कमी ऐकू येत असताना नुसता पाय तपासून परतू नये.

मानसिक आजाराच्या मोजणीत ‘काम’ हा वेगळा मुद्दा आहे, हे त्यातल्या त्यात बरे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि काम यांना प्रत्येकी ० ते ४ गुण, त्यात आजाराच्या कालावधीचे मिळवून २० पैकी ७ झाले की ४० टक्के. इथे घात होतो तो सोबतच्या नातेवाइकाच्या भिडेने. ‘तसा घरचं सगळं करतो हो’ असे तो म्हणतो आणि गुण घसरतात. ‘दहादा सांगावे लागते, तेव्हा करतो’ हे सांगायला हवे.

अपघात भरपाईत सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात अवयवाचे टक्के आणि कमाईतली घट यांतला फरक स्पष्ट केला आहे. डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. निराधार योजनेच्या तहसीलमधल्या अर्जातही ‘आधीचे काम’ आणि ‘आता जमते का’ असे दोन रकाने घालावेत, आणि ३० ते ४० टक्क्यांमधले अर्ज ते वाचूनच समितीने निकाली काढावेत.

— एक वाचक, सोलापूर